डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि गुणसूत्रांची मोजदाद

वेंगुर्ल्याजवळ खानोली नावाचे एक गाव आहे. खानोलकर हे आडनाव त्या गावावरून पडले. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज ज्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या पट्ट्यातून मुंबई बंदरात आले आणि तेथून जहाजात बसून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत उतरले, त्याच पट्ट्यातले हे गाव. मराठी पुस्तके वाचणाऱ्यांना खानोलकर म्हटले की कवी आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, आठवतात. आजचा लेख दुसऱ्या खानोलकरांविषयी आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे डॉक्टर होते. शरीराचा रोगट तुकडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून रोग ओळखणे, हे त्या शास्त्राचे काम. भारतातील वैद्यकीय संशोधनाचे ते एक आद्य पुरुष मानले जातात.

त्यांच्या आयुष्याकडे आज पाहण्याचे एक खास कारण आहे. एक्स-रे किंवा अणुकिरण अंगावर पडले तर ते दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, अंगाला चटकाही लगेच बसत नाही. अपघात झाला आणि कामगाराच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला नसला, तर त्याने किती किरण घेतले हे कसे कळावे? त्याचे उत्तर त्याच्याच रक्तात असते. रक्तातील पांढऱ्या पेशींच्या आत गुणसूत्रे असतात. किरणांनी ती तुटतात आणि भलत्याच ठिकाणी सांधली जातात. तुटलेली किती, हे मोजले की किरण किती पडले याचा हिशेब मांडता येतो. ही परीक्षा खानोलकरांनी शोधून काढलेली नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. पण ती ज्या पायावर उभी आहे त्यातल्या काही विटा मुंबईत परळला त्यांच्या देखरेखीखाली रचल्या गेल्या, आणि किरणांमुळे माणसाचे किती नुकसान होते हा प्रश्न जगाच्या चावडीवर आला तेव्हा भारतातर्फे तेथे जाऊन बसले तेही खानोलकरच.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. या समाजातील लोकांना त्या काळी फार अवहेलना सोसावी लागे. त्याच समाजाने पुढे महाराष्ट्राला मोठमोठे गायक, शिक्षक आणि डॉक्टर दिले. वसंतराव विलायतेला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी घेऊन परतले. एवढी मोठी पदवी घेतलेल्या डॉक्टराने त्या काळात मुंबईत दवाखाना थाटला असता तर पैशाला तोटा नव्हता. खानोलकरांनी शिकवण्याचा आणि सूक्ष्मदर्शकाचा मार्ग धरला. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज, नंतर परळचे सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, अशा दोन्ही ठिकाणी ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परळ म्हणजे गिरणगाव. गिरण्यांत राबणारे निम्मेअधिक लोक कोकणातले आणि घाटावरचे. तेथल्या इस्पितळात जी माणसे येत, त्यांत खानोलकरांना आपल्या मुलखाचे चेहरे रोज दिसत असणार.

१९४१ साली परळलाच टाटा मेमोरियल इस्पितळ उघडले. कर्करोगासाठी असे स्वतंत्र इस्पितळ ही भारतात नवी गोष्ट होती. खानोलकर तेथे प्रयोगशाळा आणि संशोधन यांचे प्रमुख झाले. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी जे काम केले त्यावरून त्यांचा स्वभाव कळतो. त्या वेळी पुष्कळ विलायती डॉक्टरांची समजूत अशी होती की हिंदुस्थानात कर्करोग फारसा नाहीच. खानोलकरांनी वाद घालत न बसता मोजायला सुरुवात केली. ओळीने आलेले तोंडाच्या कर्करोगाचे १००० रोगी घेऊन त्यांचा आढावा त्यांनी १९४४ साली अमेरिकेतील एका शास्त्रीय मासिकात प्रसिद्ध केला. ओळीने घेतलेले, हे महत्त्वाचे. आपल्याला हवे ते रोगी निवडून हजार भरवले तर त्या हजाराला अर्थ राहात नाही.

दुसऱ्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी सूर्याबाई नावाच्या सहकारी बाईंबरोबर आणखी एक लेख लिहिला. माणसाच्या सवयींमुळे होणारे तीन नवे कर्करोग त्यात वर्णन केले होते. आंध्रच्या किनाऱ्यावरील बायाबापड्या चुट्टा ओढताना पेटते टोक तोंडाच्या आत धरतात, त्यांना टाळूचा कर्करोग होतो. बिहारकडे तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठात धरतात, त्यांना तो ओठाच्या आतल्या खाचेत होतो. आणि तिसरा धोतराचा. जन्मभर कमरेला एकाच जागी करकचून धोतर बांधल्याने तेथील कातडी घासत राहते, काळी पडते, जाड होते आणि काहींना तेथेच कर्करोग उद्भवतो. रोग कोणत्या जागी आहे, त्या जागेशी माणूस रोज काय करतो, आणि असे किती जण आहेत, एवढे तीनच प्रश्न त्यांनी विचारले. विडी, पानतंबाखू आपल्या बेटावरही बोटीतून बरोबर आली होती, तेव्हा आजी-आजोबांच्या चंच्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सारे परके वाटू नये.

अशा तुलनेत एक अडचण असते आणि ती पुढे गुणसूत्रांच्या बाबतीतही आली, म्हणून येथे थोडे थांबतो. मुंबईचा डॉक्टर ज्याला कर्करोग म्हणतो त्याला पाटण्याचा डॉक्टर साधा व्रण म्हणत असेल, तर दोघांचे आकडे शेजारी ठेवून काय उपयोग? काचपट्टी कशी तयार करायची, तीवर काय दिसले की काय म्हणायचे, हे आधी ठरले पाहिजे. भारतातील विकृतितज्ज्ञांची संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष खानोलकर होते. हा मान त्यांच्या विद्वत्तेला होता, तसाच या शिस्तीलाही होता असे मला वाटते.

याच सुमारास त्यांनी डॉ. एल. डी. संघवी यांच्याबरोबर मुंबईतील सहा जातींच्या रक्तगटांची आणि इतर आनुवंशिक लक्षणांची पाहणी केली. ती १९४९ साली विलायतेत छापली गेली. एकाच शहरात, एकाच गल्लीत राहणारे लोक शतकानुशतके आपापल्या जातीतच लग्ने करतात, त्यामुळे त्यांची रक्तातील लक्षणे किती वेगळी राहिली आहेत हे त्यातून दिसत होते. आपल्या बेटावर आजोबांच्या पिढीत कोण कोणत्या जातीचा हे जहाजातच पुसट झाले, म्हणून आपल्याला ही गोष्ट विशेष वाचनीय. पारशी समाजात स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळतो, हेही परळच्या इस्पितळातील नोंदींतूनच पुढे आले.

१९५२ साली भारत सरकारच्या मदतीने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक. येथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांची नावे सांगायची तर बरीच होतील, पण एका बाईंविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, या टाटा मेमोरियलमध्ये खानोलकरांच्या हाताखाली शिकल्या आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाच्या पीएच. डी. झाल्या. मुलाबाळांची बाई, तिने दूर परदेशी जावे का, असा विचार करण्याचा तो काळ. खानोलकरांनी त्यांना अमेरिकेत पाठवण्याचा आग्रह धरला. तेथे बाल्टिमोर शहरात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, जिवंत ठेवून वाढवण्याची विद्या त्या काळी डॉ. गे यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला अवगत नव्हती. रणदिवेबाई ती विद्या घेऊन परत आल्या आणि खानोलकरांच्या संस्थेत पेशीसंवर्धनाची भारतातील पहिली प्रयोगशाळा उभी राहिली. बीजारोपण झालेल्या भाताच्या रोपासारखी पेशीचीही निगा राखावी लागते, ऊब, अन्न आणि स्वच्छता यांत जरा कमी पडले की ती मरते. गुणसूत्रे पाहायची तर पेशी दुभंगत असताना पकडावी लागते आणि ती दुभंगायची तर आधी भांड्यात जगली पाहिजे. एवढ्यासाठी ही प्रयोगशाळा मोलाची. महारोगाच्या रोग्यांपासून मिळवलेला एक जंतू भांड्यात वाढवण्याचे कामही बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली जाहीर केले. त्या जंतूला संस्थेच्याच इंग्रजी आद्याक्षरांचे नाव पडले.

इकडे जगात वेगळेच संकट उभे राहिले होते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेपेक्षा फार मोठा झाला. पांढरी राख दूरवर पसरली. ती जवळपासच्या बेटांवरील रहिवाशांवर आणि एका जपानी मासेमारी बोटीवरील २३ कोळ्यांवर पडली. त्यांतला एक कोळी त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावला. बेटांवर राहणाऱ्या माणसांना विचारल्याशिवाय हे सारे चालले होते, हे येथे मुद्दाम नमूद करतो. पंडित नेहरूंनी एप्रिल महिन्यातच लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. नुसती मागणी पुरणार नाही, परिणाम काय होतात हे शास्त्राने सांगितले पाहिजे, म्हणून भारत सरकारने एक पुस्तक तयार करवले. अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम या विषयावरील ते पुस्तक १९५६ साली निघाले. मुख्य लेखन डॉ. दौलतसिंग कोठारी यांचे होते आणि त्यांना साहाय्य डॉ. होमी भाभा व डॉ. खानोलकर यांचे होते. भाभा भौतिकशास्त्राचे, खानोलकर शरीराचे. सर्वसामान्य माणसालाही वाचता येईल असे त्या विषयावरचे पुस्तक तेव्हा जगात क्वचितच होते.

३ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी १५ देशांची एक शास्त्रीय समिती नेमली. तिची पहिली बैठक मार्च १९५६ मध्ये न्यूयॉर्कला भरली. या समितीवर भारताचे प्रतिनिधी म्हणून डॉ. खानोलकर गेले. त्यांच्याबरोबर काम करणारे तुर्भ्याच्या अणुशक्ती संस्थेचे डॉ. ए. आर. गोपाल अय्यंगार यांनी पुढे या समितीचे अध्यक्षपदही भूषवले. समितीत बॉम्ब असलेले देश होते, नसलेलेही होते. प्रत्येक देश आपापल्या प्रयोगशाळांचे आकडे घेऊन येई. हवेतील धूळ, पावसाचे पाणी, दूध, हाडे यांतील किरणोत्सर्ग एका देशाने एका रीतीने मोजलेला, दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने. आकडे जुळावेत कसे? म्हणून समितीला अगदी आरंभीच मोजण्याच्या रीतींकडे लक्ष द्यावे लागले. खानोलकरांना ही अडचण नवी नव्हती, तोंडाच्या कर्करोगाने ती त्यांना पूर्वीच शिकवली होती.

आता एक गमतीची गोष्ट. ही समिती पहिल्यांदा भरली त्या १९५६ सालापर्यंत माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, हेच शास्त्रज्ञांना नीट ठाऊक नव्हते! १९२३ सालापासून सगळ्या पुस्तकांत ४८ असा आकडा छापला जाई. तीस वर्षे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकातून पाहात आणि ४८ मोजत, कारण ४८ दिसलेच पाहिजेत असे त्यांना सांगितलेले असे. जावा बेटावर जन्मलेले जो हिन त्जिओ आणि स्वीडनचे आल्बर्ट लेव्हान या दोघांनी लुंड येथे अधिक चांगल्या रीतीने काचपट्ट्या तयार केल्या आणि आकडा निघाला ४६. तो १९५६ साली प्रसिद्ध झाला. जी गोष्ट संख्येनेच चुकीची मोजली जात होती, तिच्यातल्या मोडतोडीचा हिशेब कोण कसा ठेवणार? त्यानंतर मात्र पावले भराभर पडली. १९६० साली अमेरिकेत डेन्व्हर येथे शास्त्रज्ञ जमले आणि माणसाच्या गुणसूत्रांना सर्वांनी वापरावयाचे एकच क्रमांक ठरवले. त्याच वर्षी दंडातून काढलेल्या थोड्याशा रक्तातील पांढऱ्या पेशी भांड्यात दुभंगायला लावण्याची सोपी रीत मिळाली. तोवर हाडातला मगज काढावा लागे, आता एक सुई पुरे झाली.

ही रीत थोडी समजून घेऊ, कारण पुढचा सारा मामला तिच्या बारकाव्यांवर आहे. रक्तातील लसिका पेशी एरवी दुभंगत नाहीत, नुसत्या फिरत राहतात, काही तर कित्येक वर्षे. त्यामुळे किरणांनी केलेली मोडतोड त्यांच्यात जपून राहते. लाल घेवड्यापासून, म्हणजे राजम्यापासून, काढलेले एक द्रव्य घातले की त्या जाग्या होऊन दुभंगू लागतात. शरीराइतक्या उबेत, ३७ अंशांवर, त्यांना ठेवतात. मग दुभंगण्याच्या ऐन वेळी त्यांना थांबवणारे दुसरे द्रव्य घालतात. हे कोल्चिसिन जातीचे असते. आपल्या कोकणात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही कोल्चिसिन असते. त्यानंतर पेशी पातळ खारट पाण्यात फुगवतात, म्हणजे गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होतात, आणि काचपट्टीवर पसरून रंगवतात.

चांगल्या गुणसूत्राला एक कंबर असते. किरणांनी दोन गुणसूत्रे तुटली आणि त्यांची मोठी तुकडी एकमेकांना चिकटली, तर दोन कमरांचे एक विचित्र गुणसूत्र तयार होते, आणि उरलेला तुकडा कंबरेवाचून बाजूला पडतो. या दोन कमरांच्या गुणसूत्रालाच द्विकेंद्री म्हणतात. ते किरणांखेरीज फार थोड्या कारणांनी होते. किरण न घेतलेल्या माणसाच्या १००० पेशी तपासल्या तर असे एक-दोनच सापडते. एक ग्रे एवढी किरणमात्रा एकदम बसलेल्या माणसाच्या शंभरच पेशींत अशी आठ-दहा सापडू शकतात. फरक एवढा ठळक असतो. १९५८ साली अमेरिकेत ओक रिज येथील कारखान्यात एक अपघात होऊन आठ कामगारांना किरण बसले होते. काही वर्षांनी मायकेल बेंडर आणि गूच यांनी त्यांचे रक्त तपासले, तेव्हाही ही खूण त्यात होती. त्यांनी परीक्षानळीतील रक्तावर मोजून किरण सोडले आणि किती किरणांना किती मोडतोड, याचा तक्ताही मांडला. १९६२ सालची ही गोष्ट.

पण तक्ता ज्याने त्याने आपला केला आणि येथेच घोटाळा सुरू झाला. एका प्रयोगशाळेने पेशी ४८ तास ठेवल्या, दुसरीने ७२. वरवर पाहता काय बिघडले? बिघडते ते असे की ७२ तासांत पुष्कळ पेशी दोनदा दुभंगतात आणि पहिल्या दुभंगण्यातच निम्म्या द्विकेंद्री गुणसूत्रांचा निकाल लागतो. मग त्याच माणसाचे तेच रक्त एका ठिकाणी जास्त किरण सांगते, दुसऱ्या ठिकाणी कमी. कोणी ठळक दिसणारे तेवढेच मोजी, कोणी शंका असलेलेही धरी. कोणी पन्नास पेशींवर निकाल देई. जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ साली गुणसूत्र-तपासणीच्या रीतींचे एक मार्गदर्शक पुस्तक काढले. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही १९६९ च्या अहवालात माणसाच्या पेशींतील किरणजन्य गुणसूत्रबिघाडावर एक स्वतंत्र परिशिष्ट दिले होते. पुढे व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेने निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांकडून एकत्र काम करवून घेतले आणि १९८६ साली सर्वांसाठी एक पुस्तिका काढली. योगायोग असा की चेर्नोबिलचा अपघात त्याच वर्षी झाला. ती पुस्तिका २००१ आणि २०११ साली सुधारून निघाली. २००४ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने क्रमांक १९२३८ चे मानकही ठरवले. पेशी ४८ तास वाढवाव्यात, पहिल्याच दुभंगण्यातल्या पेशी मोजाव्यात, ४६ कमरा भरल्या नाहीत ती पेशी सोडून द्यावी, मोजणाऱ्याला काचपट्टी कोणाची हे कळू नये, ५०० पेशी किंवा १०० द्विकेंद्री होईपर्यंत मोजावे, प्रत्येक प्रयोगशाळेने आपला तक्ता स्वतः करून ठेवावा आणि अधूनमधून इतरांबरोबर तोच नमुना तपासून पाहावा, अशी ही शिस्त आहे. मोठ्या अपघातात माणसे शेकड्यांनी आली तर आधी प्रत्येकी ५० पेशींवर अंदाज घ्यायचा आणि ज्याला उपचाराची घाई आहे त्याला पुढे काढायचे, अशीही सोय त्यात आहे. एक दशांश ग्रेच्या खाली मात्र ही परीक्षा भरवशाने बोलत नाही. इस्पितळात छातीचा एक एक्स-रे काढला म्हणून कोणी रक्त तपासायला धावू नये, त्यात किरण याच्या कितीतरी पट कमी असतात.

खानोलकरांच्या आयुष्याकडे पुन्हा वळू. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले होते, भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले. या मानसन्मानांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. त्याहून मोलाचे काम अणुशक्ती खात्याच्या जीवशास्त्र व वैद्यक सल्लागार समितीतील. अणुभट्ट्या उभारणाऱ्या खात्यातच किरणांचे दुष्परिणाम तपासणारी माणसे असली पाहिजेत, हे भाभांनाही पटलेले होते.

भारताकडे या अभ्यासासाठी एक नैसर्गिक प्रयोगशाळाच होती. केरळच्या किनाऱ्यावर, कोल्लमच्या उत्तरेस नींडकरा, चवरा या बाजूस, काळसर वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज असते आणि त्यात थोरियम असते. सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या त्या चिंचोळ्या पट्टीत हजारो कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जगात सरासरी माणसाला निसर्गातून जे किरण मिळतात, त्याच्या कित्येक पट काही घरांत मिळतात. वर्षाला एक मिलिग्रेहून कमी ते ४५ मिलिग्रे एवढा तेथला फरक मोजला गेला आहे. भारतवाल आणि वझे यांनी केलेली तेथील किरणमोजणी १९५८ साली प्रसिद्ध झाली आणि संयुक्त राष्ट्रांच्या समितीसमोर केरळचे नाव गेले. खरे उत्तर मिळायला मात्र पुढची पिढी लागली. १९७६ साली काही संशोधकांनी तेथे गुणसूत्रबिघाड आणि मतिमंद मुले जास्त असल्याचे छापले, त्यावर मोठा वाद झाला. नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी नवजात बालकांच्या नाळेतील रक्त वर्षानुवर्षे एकाच रीतीने तपासले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दहा हजारांहून अधिक बालके होती. जास्त किरणांच्या वाळूवर जन्मलेली आणि साध्या वाळूवर जन्मलेली मुले यांच्या गुणसूत्रबिघाडात लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही. वीस-पंचवीस रक्ते तपासून कोळ्यांना गाव सोडा म्हणून सांगितले असते तर केवढा अनर्थ झाला असता!

खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ रोजी वारले. व्हिएन्नाची पुस्तिका किंवा केरळचा निकाल त्यांना पाहायला मिळाला नाही.

भारतात आज किरणांशी काम करणाऱ्याच्या बिल्ल्यावर फार मोठा आकडा उमटला, तर त्याच्या रक्तातील गुणसूत्रे तपासतात. बिल्ला यंत्राच्या खोलीत चुकून राहिला होता की माणसालाच किरण बसले, हे बिल्ला सांगू शकत नाही. त्या निकालावर एखाद्याची नोकरी अवलंबून असते, एखाद्याचा जीवही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले कोबाल्टचे जुने यंत्र कोणी न ओळखता फोडले. सात जण इस्पितळात गेले आणि त्यांतला एक दगावला. बिल्ला लावून भंगार कोण फोडतो? त्यांच्या अंगावर किती किरण पडले याचा अंदाज त्यांच्या गुणसूत्रांवरूनच करावा लागला.

आखाती देशांत पोटासाठी गेलेल्या मराठी माणसांनाही हा विषय जवळचा आहे. तेथे तेलाच्या नळांचे सांधे नीट जुळले की नाही हे इरिडियमच्या किरणांनी तपासतात आणि जगभर अशा कामांतच निष्काळजीपणाचे अपघात पुष्कळ होतात. संयुक्त अरब अमिरातीत बराका येथे अणुवीज केंद्राच्या चार भट्ट्या उभ्या राहिल्या. पहिली २०२१ साली आणि चौथी २०२४ साली व्यापारी तत्त्वावर चालू झाली. तेथील अणुनियंत्रण संस्था २००९ सालची. रक्ताचा नमुना एका देशात काढून दुसऱ्या देशात मोजायचा झाला तर तो गोठवायचा नाही, साधारण २० अंशांच्या आसपास ठेवायचा आणि एक-दोन दिवसांत पोचवायचा असा नियम आहे. वाळवंटातल्या उन्हात तापलेल्या गाडीत नमुना राहिला तर पेशी मरतात आणि मोजायला काही उरत नाही.

परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाले. १९६६ साली ते टाटा मेमोरियल इस्पितळाशी जोडले गेले आणि नंतर संशोधनाचा पसारा नवी मुंबईत खारघरला हलला. तेथील प्रयोगशाळांच्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव दिले आहे.